परवडणारा लार्ज डायफ्रॅम कंडेन्सर माइक: आईच्या ओव्या आणि घरचं रेकॉर्डिंग

मंद्रसप्तक

नमस्कार मंडळी. लार्ज डायफ्रॅम कंडेन्सर, म्हणजे मोठ्या पडद्याचा, बारीक आवाजही टिपणारा माइक घ्यायचा आहे आणि ठरत नाहीये, म्हणून हा धागा.

आधी गरज सांगते. माझी आई ७६ वर्षांची आहे. माहेर जुन्नरकडचं. तिला जात्यावरच्या ओव्या अजून पाठ आहेत. आवाज बारीक झालाय, पण सूर धरून आहे. माइकसमोर बसून गायची तिला अजिबात सवय नाही. गाताना मान हलते, हात जात्याच्या खुंट्यासारखा फिरत राहतो, मधेच ती माझ्याकडे बघून ‘ही ओवी सासरची बरं का’ असं सांगते. फोनवर रेकॉर्ड करून पाहिलं, तर फोन आपणहून गोंगाट कमी करायला जातो आणि त्यात ओवीच्या शेवटची लांबवलेली ओढच खाऊन टाकतो. नेमकी तीच मला हवी आहे.

दुसरी गरज माझी स्वतःची. पेटी घेऊन अभंग गाते, ते नीट रेकॉर्ड व्हावेत.

जागा: डोंबिवली, तिसरा मजला, १० बाय १२ ची बेडरूम, एक खिडकी रस्त्याकडे. फोकसराइट स्कार्लेट सोलो हा इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा) आणि लॅपटॉप घरात आहे. बजेट माइकसाठी १५ हजार, फार तर दोनेक हजार वर. स्टँड आणि वायर वेगळी.

यादीत आत्ता ऑडिओ-टेक्निका एटी२०२० आणि एटी२०३५, रोडचा एनटी१, बेरिंगरचा बी-१ आहेत. शिवाय ऑनलाइन सगळीकडे दिसणारा तो बीएम-८००. कुणी वापरले असतील तर कृपया सविस्तर लिहा.

सोल्डरगन

आधी बीएम-८०० बाजूला काढा. त्या नावाने कोणीही काहीही विकतं. बाहेरून जाळी मोठी दिसते, पण उघडला की बहुतेकांत आत नखाएवढी इलेक्ट्रेट कॅप्सूल (आवाज टिपणारा भाग) निघते. मोठ्या डब्यात बसवली म्हणून ती लार्ज डायफ्रॅम होत नाही.

लार्ज डायफ्रॅम म्हणजे ढोबळमानाने एक इंच, २५ मिमीच्या आसपासचा पडदा. या व्याख्येत एटी२०२० सुद्धा बसत नाही, त्याचा पडदा १६ मिमीचा आहे. म्हणून तो वाईट ठरत नाही. त्या किमतीत पुष्कळांनी त्याच्यावर चांगलं काम केलंय. पण तुमच्या कामात त्याचा एक आकडा आडवा येईल, तो म्हणजे सेल्फ नॉइज. समोर काहीच आवाज नसताना माइक स्वतः जी सूक्ष्म ‘स्स्स’ करतो ती. कंपनीच्या तक्त्यात एटी२०२० ला ती २० डीबी दिली आहे, एटी२०३५ ला १२ डीबी, जुन्या एनटी१-ए ला ५ आणि एनटी१ च्या पाचव्या पिढीला ४.

आईंचा आवाज बारीक आहे आणि त्या माइकला चिकटून बसणार नाहीत. दीड फुटावर त्यांचा आवाज ६० डीबीच्या आसपास भरेल असं धरू. म्हणजे एटी२०२० वर आवाज आणि सुसकारा यांच्यात ४० डीबीचं अंतर, एटी२०३५ वर ४८ आणि नव्या एनटी१ वर ५६. पुढे आवाज मोठा करताना, कॉम्प्रेसर (आवाजातले चढ-उतार कमी करणारी प्रक्रिया) लावताना सुसकाराही बरोबरीने वर येतो. खड्या आवाजात गाणाऱ्याला या फरकाचं सोयरसुतक नाही. तुम्हाला आहे.

माझं मत: जमवता आलं तर एनटी१. नाहीच जमलं तर एटी२०३५.

ठेका

मी वेगळं सुचवतो. कंडेन्सर घेऊच नका. डोंबिवलीत रस्त्याकडची खिडकी म्हणजे रिक्षा, भाजीवाला, कुकरच्या शिट्ट्या, सगळं आत येणार. कंडेन्सर ते सगळं ओढतो. शुअरचा एसएम५८ घ्या. १९६६ पासून जगभर तोच चालतोय, हातातून पडला तरी काही होत नाही, आणि बजेटमध्ये पैसे उरतील. आमचे भजनाचे सगळे कार्यक्रम त्यावरच होतात.

निवेदिका

वाचतेय. माझाही हाच प्रश्न आहे, फक्त काम निवेदनाचं.

जुना_रेकॉर्डिस्ट

ठेका, स्टेजवर तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. घरात मात्र त्याचं कारण नीट समजून घ्यायला हवं, कारण ‘कंडेन्सर खोली ओढतो’ या एका वाक्यामुळे फार लोकांनी चुकीची खरेदी केली आहे.

खोली किती ऐकू येते हे दोन गोष्टींवर ठरतं: तोंड माइकपासून किती लांब आहे, आणि माइक कुठल्या दिशेचं घेतो. एसएम५८ कार्डिऑइड आहे, म्हणजे समोरचं जास्त आणि पाठीकडचं कमी घेणारा; वरच्या यादीतले माइकही कार्डिऑइडच आहेत. स्टेजवर ५८ ओठांना टेकवून गातात म्हणून मागचा आवाज दबलेला वाटतो. तोच माइक दीड फुटावर ठेवा आणि गेन (इंटरफेसवरची आवाजाची वाढ) वाढवून गाण्याचा आवाज तेवढाच करा. रिक्षा तिथेही येईल. अंतर दुप्पट केलं की तोंडाचा आवाज साधारण ६ डीबीने उतरतो, खोलीचा आवाज होता तिथेच राहतो. हा हिशेब माइक कुठला आहे हे विचारत नाही.

आता त्या माउली माइकला ओठ टेकवून गाणार आहेत का? नाही. त्यांना तसं बसवलं तर ओवी संपली, उरेल ती परीक्षा. म्हणजे अंतर राहणारच. लांबून, मान हलती असताना, बारीक आवाजातलं सगळं टिपायचं असेल तर लार्ज डायफ्रॅम कंडेन्सर हीच योग्य जात आहे. त्याबद्दल मनात शंका ठेवू नका.

सोल्डरगन

रेकॉर्डिस्टकाकांना अनुमोदन. ५८ चा हिशेबही देतो, म्हणजे तो मुद्दा पुरा होईल.

५८ सारख्या डायनॅमिक माइकला स्वतःचं इलेक्ट्रॉनिक्स नसतं, त्यामुळे त्याच्या तक्त्यात सेल्फ नॉइज दिलेला दिसत नाही. पण तो देतोच इतका कमी व्होल्टेज, की सुसकारा इंटरफेसच्या प्रीअँपमधून (माइकचा सिग्नल मोठा करणाऱ्या भागातून) येतो. ५८ ची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक आवाजाला मिळणारा व्होल्टेज, १.८५ मिलिव्होल्ट आहे, एनटी१-ए ची २५. चांगल्या इंटरफेसच्या प्रीअँपचा स्वतःचा गोंगाट उणे १२८ डीबीयूच्या आसपास असतो. गणित मांडलं तर ५८ आणि असा प्रीअँप मिळून जो सुसकारा होतो, तो साधारण १८ डीबी सेल्फ नॉइज असलेल्या कंडेन्सरइतका भरतो. म्हणजे एटी२०२० च्या जवळपास. बारीक आवाजासाठी यातून काही हाती लागत नाही, वर गेन जवळजवळ शेवटापर्यंत फिरवावा लागतो.

ठेका

अंतराचा मुद्दा पटला. मग तबल्यासाठी काय? सरावाचं रेकॉर्डिंग गुरुजींना पाठवायचं असतं, एकच माइक घेणार आहे.

जुना_रेकॉर्डिस्ट

तबल्यालाही चालेल. समोरून, तबला आणि डग्गा यांच्या मधोमध, अडीच-तीन फूट अंतरावर आणि जरा उंचावरून खाली बघणारा ठेवा. अगदी जवळ नेलात तर बायाँ फुगतो आणि दायाँची चाट कानाला टोचते. आपण आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

सेल्फ नॉइजबद्दल सोल्डरगन यांनी लिहिलं ते बरोबर आहे. मी दुसऱ्या बाजूने बोलतो, आणि माझ्या मते बारीक, वयस्क आवाजासाठी ही बाजू जास्त महत्त्वाची आहे. माइकची वरची पट्टी, म्हणजे ट्रेबल.

स्वस्त लार्ज डायफ्रॅम माइकांपैकी फार मोठा भाग नॉयमनच्या के६७ कॅप्सूलच्या नकलेवर उभा आहे. मूळ कॅप्सूल १९६० च्या यू६७ माइकसाठी बनली. तिचा स्वभावच असा की वरच्या पट्टीत ती चढते. नॉयमनच्या लोकांना ते ठाऊक होतं. त्यांनी माइकच्या आतल्या सर्किटमध्ये तेवढाच उतार दिला होता, म्हणून बाहेर पडणारा आवाज समतोल यायचा. नक्कल करणाऱ्यांनी कॅप्सूल उचलली, खर्च वाचवायला उताराचं सर्किट सोडून दिलं. चढ तेवढा उरला. दुकानात पहिल्यांदा ऐकताना हा चढ ‘वा, काय स्वच्छ!’ असा वाटतो. घरी आणून तासभर ऐकलं की ‘स’ आणि ‘श’ सुईसारखे लागतात.

तरुण, भरीव आवाजाला हे एक वेळ खपून जातं. वय झालेल्या बाईचा आवाज खालच्या पट्टीत आधीच पातळ झालेला असतो. त्यावर असा माइक लावलात तर आवाज होता त्याहून म्हातारा आणि कोरडा येतो. ही मला सगळ्यात जास्त काळजी वाटणारी गोष्ट आहे. नंतर इक्वलायझरने वरची पट्टी कापता येते, पण सुईबरोबर शब्दांची स्पष्टताही जाते.

म्हणून माइक निवडताना ‘चकचकीत’, ‘एअरी’, ‘क्रिस्प’ असं कौतुक जिथे वाचाल तिथे आईंच्या आवाजासाठी थोडं सावध व्हा. कंपन्या फ्रीक्वेन्सीचा आलेख देतात, तो उघडून बघा. ५ हजार ते १२ हजार हर्ट्झच्या मधे डोंगर किती उंच आहे? दोन-तीन डीबीचा उंचवटा चालतो. सहा-सातचा असेल तर तो तुमचा माइक नाही.

मंद्रसप्तक

काका, हे कुठेच वाचलं नव्हतं. मनापासून आभार. परीक्षणं बघून मी चकचकीत आवाजाच्याच मागे लागले होते.

अजून दोन प्रश्न. आई जमिनीवर बसते, मग माइक कुठे ठेवायचा? आणि भिंतींना तो पिरॅमिडचा फोम लावू का?

निवेदिका

माइकच्या जागेबद्दल माझ्या कामातून सांगते, कारण मराठी बोलताना दोन अडचणी हमखास येतात.

पहिली महाप्राणांची. ख, घ, फ, भ, थ, ध. ‘भरली घागर’ म्हणताना तोंडापुढे हात धरून बघा, वाऱ्याचा झोत लागतो. तो पडद्यावर आदळला की रेकॉर्डिंगमध्ये धप्प असा आवाज येतो आणि तो काढणं जिकिरीचं असतं. पॉप फिल्टर घ्याच, आणि तो माइकला चिकटवू नका, मधे चार बोटं जागा ठेवा.

दुसरी स, श आणि च-ज यांची. ‘चांदणं’, ‘जातं’ यांतला च आणि ज दाताशी होतो, त्यात हवेची शीळ असते. ही शीळ सरळ रेषेत पुढे जाते. म्हणून माइक तोंडासमोर अगदी सरळ न ठेवता जरा बाजूला ठेवायचा आणि तोंडाकडे वळवायचा. एवढ्यानेच पुष्कळ फरक पडतो. यात माझं अंतर एक वीत असतं. आई लांब बसणार असतील तर झोताचा त्रास आपोआप कमी होईल, शिळेचा मात्र राहील.

जवळ जाण्यात एक फायदाही आहे. कार्डिऑइड माइकला तोंड जवळ नेलं की खालची पट्टी भरते, प्रॉक्सिमिटी इफेक्ट म्हणतात तो. काकांनी पातळ आवाजाबद्दल लिहिलंय ना, त्यावर हा घरगुती उपाय आहे. आईंना कळणारही नाही अशा बेताने माइक दोन फुटांऐवजी एका फुटावर आणता आला तर बघा.

जुना_रेकॉर्डिस्ट

निवेदिकाताईंचं सगळं बरोबर. फक्त मान हलती असताना एका फुटाच्या आत जाऊ नका, नाहीतर प्रत्येक ओवीत आवाजाचा पोत बदलेल. एक ते दीड फूट ठीक.

आता खोली. पिरॅमिडचा पातळ फोम नको. तो फक्त वरची पट्टी खातो, मधली आणि खालची तशीच घुमत राहते. खोली कोंदट वाटायला लागते. अंड्याच्या ट्रेने तर तेवढंही होत नाही. घरात गोधड्या आहेत? कापसाच्या गाद्या? त्या बाहेर काढा. कापसाची जाड गादी उभी करून ठेवली तर ती पातळ फोमपेक्षा कितीतरी चांगलं काम करते.

आणि ती कुठे ठेवायची यात लोक गोंधळतात. माइकच्या पाठीमागे नव्हे, गाणाऱ्याच्या पाठीमागे. माइकचं तोंड गाणाऱ्याकडे आहे, म्हणजे गाणाऱ्याच्या मागच्या भिंतीवरून जे परत येतं ते थेट त्याच्या तोंडात शिरतं. स्वतःच्या पाठीकडचं तो तसंही कमी घेतो. आईंच्या मागे दोरीवर दोन गोधड्या सोडा, भिंतीपासून वीतभर पुढे. कपाट असेल तर दार उघडं ठेवा, आतल्या साड्या उपयोगी पडतील. बसायची जागा खोलीच्या अगदी मध्यावर नको आणि कोपऱ्यात तर नकोच.

खर्च करायचाच असेल तर दोन इंच जाडीचा, ४८ किलो घनतेचा रॉकवूल (दगडी तंतूंची गादी) लाकडी चौकटीत बसवून वर कापड ताणून घ्या. त्याचे तंतू उडता कामा नयेत, कापड मागूनही लावा, बसवताना तोंडाला रुमाल आणि हातात मोजे हवेत.

देवगडची_हवा

कोकणातून एक गोष्ट सांगतो, डोंबिवलीलाही ती लागू आहे. पावसाळा.

कंडेन्सर माइकचा पडदा मायक्रॉनमध्ये मोजावा इतका पातळ असतो, त्यावर विजेचा भार असतो, आणि आतलं सर्किट गिगाओहमच्या घरातल्या रोधावर चालतं. दमट हवेत हा भार गळायला लागतो. जुलैत रेकॉर्डिंगला बसलो की माझ्या एका माइकमधून फट्-फट्, मग मधेच वाऱ्यासारखा आवाज यायचा. वायर बदलली, इंटरफेस बदलला, फरक नाही. आता तो हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवतो आणि तेव्हापासून गप्प आहे.

रंग बदलणारं सिलिका जेल घ्या. ओल पकडली की रंग पालटतो, मग कढईत मंद आचेवर परतलं की पुन्हा कामाला येतं. माइक स्टँडवर तसाच सोडून झोपायचं नाही. वरून कापड टाकल्याने धूळ थांबते, ओल थांबत नाही. आणि एसीच्या गार खोलीतून दमट खोलीत आणल्यावर लगेच चालू करू नका, आत दव धरतं. अर्धा-पाऊण तास थांबा. हेअर ड्रायर मारायचा मोह टाळा.

सोल्डरगन

+१. हा मुद्दा मुंबई-कोकणातल्या प्रत्येकाने पाठ करावा. त्यात भर: फँटम पॉवर (इंटरफेस वायरीतूनच कंडेन्सरला देतो ती वीज) चालू असताना माइकची वायर काढू-घालू नका. आधी इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं बटण बंद, मिनिटभर थांबा, मग वायर.

एडिसनकर

न्यू जर्सीतून. आमच्याकडे रस्त्याचा आवाज नाही, पण लाकडी घर आणि हीटिंगची घरघर आहे, त्यामुळे दुःख सारखंच.

मंद्रसप्तक, तुम्ही ओव्या करताय हे वाचून फार बरं वाटलं. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी जाऊन एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) त्या ऑनलाइन प्रसिद्ध करते. तिथल्या ओव्या जरूर ऐका. अंगणातले आवाज, जात्याची घरघर मागे असते आणि तरी बाईचा शब्द न् शब्द कळतो. तुमच्या रेकॉर्डिंगला कुठल्या दर्जाचं मोजमाप लावायचं, याचा अंदाज त्यातून येईल. स्टुडिओतल्या गाण्याशी तुलना करू नका.

दोन तांत्रिक सूचना. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर वेव्ह फाइल करा. लेव्हल उणे १८ डीबीच्या आसपास राहू द्या, सगळ्यात मोठा आवाज उणे १० च्या वर जायला नको. २४ बिटमध्ये जागा भरपूर आहे, लेव्हल लाल रंगापर्यंत नेण्याची गरज नाही. आणि मूळ फाइलवर काहीही प्रक्रिया न करता ती दोन ठिकाणी जपून ठेवा. गोंगाट कमी करणं, इक्वलायझर, जे काय करायचं ते प्रतीवर.

शिवाय प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला आईंचं नाव, गाव, तारीख आणि ओवी कुणाकडून शिकल्या ते त्यांच्याच तोंडून बोलून घ्या. कागदावरची टिपणं हरवतात.

एनटी१ च्या पाचव्या पिढीबद्दल थोडं. त्याला एक्सएलआर (इंटरफेसला जाणारी नेहमीची माइकची जोडणी) आणि यूएसबी दोन्ही आहे, आणि यूएसबीवर ३२ बिट फ्लोट रेकॉर्डिंग होतं. म्हणजे आईंनी अचानक आवाज चढवला तरी फाइल फाटत नाही, नंतर खाली आणता येते. लेव्हलवर लक्ष ठेवायला दुसरं माणूस नसेल तर ही मोठी सोय आहे. अर्थात तुमच्याकडे इंटरफेस आहेच.

निवेदिका

ऑडिओबुकवाल्यांसाठी या लेव्हलबद्दल सांगते. एसीएक्सची (ऑडिबलसाठी ऑडिओबुकं घेणारी सेवा) अट अशी आहे की सरासरी आवाज उणे २३ ते उणे १८ डीबी आरएमएसमध्ये, शिखर उणे ३ च्या खाली आणि शांततेतला गोंगाट उणे ६० च्या खाली. ही शेवटची अट घरात सगळ्यात अवघड. तिथे माइकपेक्षा पंखा आणि फ्रिज नडतात.

मंद्रसप्तक

सगळ्यांचे आभार. आता माझं गाणं. पेटी आणि गळा एकाच माइकवर कसं करायचं? पेटी फार पुढे येते.

जुना_रेकॉर्डिस्ट

कार्डिऑइडची पाठ वापरा. माइक हनुवटीच्या जरा खाली, तोंडापासून फूटभर अंतरावर ठेवा आणि ४५ अंश वर, तोंडाकडे वळवा. आता पेटी त्याच्या पाठीच्या बाजूला, अक्षापासून साधारण १३५ अंशांवर गेली. कागदावरच्या हिशेबाने तिथला आवाज समोरच्या मानाने सोळा-सतरा डीबीने कमी येतो. खोलीत आवाज परततो त्यामुळे प्रत्यक्षात एवढं मिळत नाही, पण पेटी नक्की मागे सरकते. माइक सरळ आडवा ठेवलात तर पेटी ९० अंशांवर येते आणि फक्त ६ डीबी कमी होते. तुमच्याकडे बहुधा हेच होत असणार.

वर वळवलेला माइक छताकडे बघतो, म्हणून पंखा बंदच हवा. इलेक्ट्रॉनिक तानपुरा माइकमधून घेऊ नका, सोलोच्या दुसऱ्या इनपुटला वायरने जोडा. मग तो हवा तेवढा नंतर ठेवता येतो. आणि भात्याची खरखर येत असेल तर त्यावर माइकने उपाय होणार नाही, पेटी दुरुस्तीला न्या.

मंद्रसप्तक

आता मुख्य निर्णय. एनटी१ माझ्या बजेटच्या वर जातोय. एटी२०३५ बसतो. ४ आणि १२ डीबी यांतला फरक माझ्या खोलीत खरंच कळेल का?

जुना_रेकॉर्डिस्ट

माझं स्पष्ट मत: नाही कळणार. शहरातली खोली रात्री कितीही शांत झाली तरी ३० डीबीच्या खाली क्वचित जाते. माइकचा १२ डीबी त्या खोलीच्या गोंगाटाच्या कितीतरी खाली झाकला जातो. वाचलेले पैसे गोधड्यांच्या दोऱ्या, चांगला स्टँड आणि रॉकवूलवर घाला.

सोल्डरगन

काका, इथे मी पूर्ण सहमत नाही. खोलीचा गोंगाट बहुतेक खालच्या पट्टीत असतो: वाहनं, लिफ्ट, फ्रिज. तो ८० हर्ट्झच्या फिल्टरने बराच कापता येतो. माइकचा सुसकारा वरच्या पट्टीत असतो, तिथे खोली शांत असते. त्यामुळे आकड्याने खोली ३० आणि माइक २० असला तरी सुसकारा वेगळा ऐकू येऊ शकतो. १२ ला हा धोका कमी आहे हे मान्य. पण हे रेकॉर्डिंग पुन्हा होणारं नाही, म्हणून मी तरी जास्तीत जास्त शांत माइकच्या बाजूने आहे.

वादापेक्षा एक करा. मुंबईत माइक दिवसाच्या भाड्याने मिळतात. दोन्ही एका दिवसासाठी आणा, शेजारी-शेजारी लावा, एकाच वेळी रेकॉर्ड करा. सोलोला एकच माइक इनपुट आहे, त्यामुळे इंटरफेसही दोन इनपुटचा मागून घ्या. दोन्ही फाइली सारख्या मोठ्या करून ऐका. आवाज थोडा जरी मोठा असला तरी कान त्यालाच चांगलं म्हणतो.

जुना_रेकॉर्डिस्ट

हे उत्तम. आणि ऐकताना कुठला कुठला ते माहीत नसावं. घरातल्या कुणाला तरी फाइलींची नावं बदलायला सांगा.

मंद्रसप्तक

केलं. उशीर झाला उत्तराला, दोन्ही माइक एकाच दिवशी मिळायला वेळ लागला.

रात्री साडेदहानंतर बसलो, खिडकी बंद, पंखा बंद, फ्रिजचं बटण बंद, मागे दोन गोधड्या. माइक आईपासून सव्वा फुटावर, जरा डावीकडे. तिला सांगितलं की हे दिवे आहेत असं समज. सुरुवातीला अवघडली, मग मावशीचा विषय निघाला आणि ओव्या सुरू झाल्या.

भावाने फाइलींची नावं बदलली. सुसकाऱ्याचं म्हणाल तर, दोन ओव्यांमधल्या शांततेत आवाज खूप वाढवून ऐकलं तेव्हा एका फाइलीत तो किंचित जास्त होता. तोही हेडफोनवर, मुद्दाम शोधला म्हणून. नेहमीच्या आवाजात दोन्हींत लिफ्टचीच घरघर येत होती. आवाजाच्या पोतात मात्र फरक होता, पण कुठला चांगला यावर आमचं दोघांचं एकमत झालं नाही. आईने दोन्ही ऐकले आणि म्हणाली, दोन्हीत मीच आहे.

मी एटी२०३५ घेतेय. त्याला शॉक माउंट सोबत येतो आणि ८० हर्ट्झचा फिल्टर माइकवरच आहे, तो लिफ्टसाठी कामाला येईल. उरलेल्या पैशांत रॉकवूलच्या दोन चौकटी. सोल्डरगन, तुमचा मुद्दा डोक्यात आहे, पण खोलीला पैसे लागणार हे त्या रात्री ऐकल्यावर पक्कं झालं.

सोल्डरगन

ऐकून घेतलेला निर्णय आहे, छान. अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या आणि बिल जपून ठेवा, नामांकित माइकांची नक्कल बाजारात आहे.

ठेका

मीही तोच घेतोय तबल्यासाठी. एक विचारायचं राहिलं: या माइकची पुढची बाजू कुठली? ५८ मध्ये वरून गातात, हा तर आडवा दिसतो.

जुना_रेकॉर्डिस्ट

हे साइड अ‍ॅड्रेस माइक. वरच्या टोकाकडून नाही, बाजूने गायचं. कंपनीचं चिन्ह ज्या बाजूला आहे ती पुढची. हेडफोन लावून दोन्ही बाजूंनी बोलून बघा, लगेच कळेल.

स्टँड घेताना वजनाला दमदार आणि आडवी दांडी असलेला घ्या. हे माइक आणि शॉक माउंट मिळून जड होतात, हलका स्टँड वाकतो. तीन पायांपैकी एक पाय दांडीच्या बरोबर खाली येऊ द्या.

मंद्रसप्तक

काका, स्टँडचे आटे आणि शॉक माउंटचे आटे वेगळे असतात असं दुकानदार म्हणाला. खरं का?

सोल्डरगन

खरंय. ५/८ इंच आणि ३/८ इंच असे दोन माप चालतात. मधे घालायची पितळी चकती मिळते, अगदी स्वस्त असते. बऱ्याचदा माइकच्या खोक्यातच असते, आधी तिथे बघा. नसली तर लॅमिंग्टन रोडला मिळेल, एकाऐवजी दोन आणा. आणि ती घट्ट बसवायला नाणं वापरा, पक्कड लावलीत तर आटे जातात.